जीर्ण पेशी आणि वाढत्या वयातील दाह

पेशी ठरावीक वेळा विभागल्या किंवा त्यांच्या डीएनएला इजा झाली, की काहींचे विभाजन कायमचे थांबते. या जीर्ण पेशी सहजासहजी मरत नाहीत. उलट इंटरल्यूकिन-६ सारखे दाह वाढवणारे घटक आणि कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स बाहेर टाकत राहतात. २००८ मध्ये ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या गटाने या स्रावांना ‘सॅस्प’ हे नाव दिले.

हे स्राव वाईटच का?
नाही. जखम भरताना ते काही काळ उपयोगी पडतात. तरुणपणी प्रतिकारशक्ती या पेशी वेळीच काढून टाकते. वयानुसार ही सफाई मंदावते, पेशी साठतात आणि शेजारच्या निरोगी पेशींनाही जीर्ण करतात. गुडघ्यांची झीज, रक्तवाहिन्यांचे आजार यांच्याशी या दाहाचा संबंध आढळतो.

यावर औषध आहे का?
२०११ मध्ये लवकर म्हातारे होणाऱ्या उंदरांमधून अशा पेशी काढल्यावर त्यांचे काही त्रास लांबले. माणसांमध्ये मात्र हे उपचार अजून चाचणीच्या टप्प्यावर आहेत. त्यांपैकी डासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचे औषध आहे. तारुण्यासाठी म्हणून ते स्वतःहून घेऊ नका. धूम्रपान सोडा, वजन आटोक्यात ठेवा, रोज चाला. आणि सांधे सुजले तर ‘वयच झालं’ म्हणून दुखणे अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.