चेहऱ्याचे पैसे

मंडळाच्या वर्धापनदिनासाठी एक छोटी फिल्म करायची ठरली, तेव्हा बजेटचं काम आपोआप माझ्याकडे आलं. सॉफ्टवेअरवाल्याला एक्सेल येतं, म्हणजे त्याला बजेटही येत असणार, असा आपल्याकडे एक समज आहे. विषय तसा सोपा होता: दांडिया बाजारातली जुनी मराठी घरं आणि त्यांत वाढलेली माणसं. आठ मिनिटांची फिल्म, दोन दिवसांचं शूट, हातात ६०,००० रुपये.

मी शीट तयार केली. कॅमेरा आणि कॅमेरामन, दोन दिवसांचे २४,०००. लाइट आणि साउंड ८,०००. एडिटिंग १२,०००. चहा-नाश्ता-जेवण ७,०००. हॉल ४,०००. ड्रोन ५,०००. झाले साठ हजार. सर्वांत खाली एक ओळ होती, ‘कलाकार’. तिच्यासमोर मी शून्य लिहिलं. कार्यकारिणीच्या बैठकीत त्या शून्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ड्रोनने सुरसागर कुठून दाखवायचा यावर मात्र वीस मिनिटं चर्चा झाली.

कलाकार निवडायची आमची पद्धतही त्या शून्याला शोभेशीच होती. ग्रुपवर मेसेज टाकला, ‘शनिवार-रविवार कोण मोकळं आहे?’ जे मोकळे होते ते आले. निवेदनासाठी विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकणारी एक मुलगी मिळाली. घरमालकाच्या भूमिकेसाठी एक काका तयार झाले. आठवणी सांगायला शेजारच्या काकू होत्या, निवृत्त शिक्षिका, वय पंच्याहत्तरीच्या पुढे.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. सुरतेहून व्याही आलेत, आज जमणार नाही. काकांवर रागावायचं तरी कशावरून? एक रुपया घेतला नव्हता, कसला शब्द लिहून दिला नव्हता. पण आदल्या दिवशीच्या निम्म्या दृश्यांत ते होते. दुसरा माणूस शोधून, त्याला तसाच कुर्ता मिळवून, दृश्यं पुन्हा घेण्यात अर्धा दिवस गेला. कॅमेऱ्याचं भाडं दिवसाला १२,०००, म्हणजे अर्ध्या दिवसाचे ६,०००. काकांना दोन दिवसांचे तीन हजार दिले असते, तर व्याह्यांना सेव-उसळ खायला दुसऱ्या कुणीतरी नेलं असतं, अशी माझी खात्री आहे.

निवेदन करणाऱ्या मुलीने दोन दिवस मान खाली घालून काम केलं. निघताना तिला शाल, श्रीफळ आणि टाळ्या मिळाल्या. तिने नारळ पिशवीत ठेवला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “दादा, रिक्षाचे पैसे मिळतील का?” कॅमेरामनचा मदतनीस तिच्याच वयाचा होता, त्याला त्याच संध्याकाळी रोख पैसे मिळाले होते. ते तिच्यासमोरच मी मोजून दिले होते.

पण खरी चूक पुढे झाली, आणि ती माझ्या हातून झाली.

काकूंनी कॅमेऱ्यासमोर एक जांभळी साडी नेसली होती. बोलता बोलता त्या पदराला हात लावून म्हणाल्या, की ही यांनी आणलेली शेवटची साडी. काका जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. फिल्ममधला तो सर्वांत चांगला क्षण होता. आमच्या साठ हजारांतले दहा हजार एका साडीच्या दुकानाने दिले होते. त्यांनी दिवाळीच्या आधी ‘थोडं फुटेज’ मागितलं आणि मी ड्राइव्हची लिंक पाठवून दिली. आठवड्याभराने काकूंच्या भाचीने त्यांना व्हॉट्सॅपवर एक जाहिरात दाखवली. काकू पदराला हात लावतात, तेच वाक्य बोलतात, आणि खाली दुकानाचं नाव आणि सवलतीचा आकडा येतो.

मी फोन केल्यावर दुकानाने जाहिरात त्याच दिवशी काढली. त्यांनी काही कपटाने केलं नव्हतं. पैसे दिलेत तर फुटेज आपलं, एवढाच त्यांचा हिशोब. पण फॉरवर्ड झालेली गोष्ट परत येत नाही. काकूंकडे माफी मागायला गेलो तेव्हा त्यांनी आधी चहा टाकला. मग म्हणाल्या, “विचारलं असतंस तर कदाचित हो म्हटलं असतं रे. विचारलं का नाहीस?”

माझी एक आतेबहीण मुंबईत जाहिरातींच्या कास्टिंगमध्ये काम करते. तिला मी सगळं सांगितलं आणि शीट पाठवली. तिचा पहिला प्रश्न: “हॉलला भाडं दिलंस आणि माणसाला नाही?” मग तिने तासभर माझी शिकवणी घेतली. त्यातलं जे आपल्या कामाचं आहे ते सांगतो.

पडद्यावर दिसणाऱ्या माणसाचं मानधन बाहेरून एकच रक्कम दिसते, पण तिच्या आत वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे शूटचा दिवस. तो किती तासांचा, जास्त वेळ झाला तर काय, हे आधी ठरवायचं. दुसरी म्हणजे तयारी: तालीम, कपड्यांचं माप, वाचन. हौशी कामात ही तयारी कायम फुकट धरली जाते. तिसरी गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती, ती म्हणजे वापर. जाहिरातींच्या धंद्यात खरी घासाघीस तिथेच होते. हा चेहरा कुठे दिसणार, इंटरनेटवर, टीव्हीवर की रस्त्यावरच्या होर्डिंगवर? किती काळ? एका शहरात की देशभर? तोच माणूस, तोच एक दिवस, पण एका गावातली महिनाभराची जाहिरात आणि देशभरातली वर्षभराची जाहिरात यांची किंमत एक नसते. एका चहाची जाहिरात करणाऱ्याने ठरलेल्या काळात दुसऱ्या चहाची करायची नाही अशी अट असेल, तर त्या हुकलेल्या कामाचेही पैसे धरावे लागतात. सगळे हक्क एकदाच विकत घेणं याला त्यांच्यात ‘बायआउट’ म्हणतात, आणि नवखे कलाकार त्यावर न वाचता सही करतात.

मी काकूंच्या बाबतीत हेच केलं होतं, फक्त सहीसुद्धा न घेता.

निवडीबद्दलही तिने एक गोष्ट सांगितली. वर्सोव्याच्या आरामनगरात कास्टिंगची ऑफिसं दाटीवाटीने आहेत. तिथे कामाच्या शोधात आलेली मुलं दारोदार फिरून विचारतात आणि बहुतेक वेळा ‘नॉट फिट’ हे दोन शब्द ऐकून पुढच्या दाराकडे जातात. ज्यांना आत घेतात त्यांनी आधी कॅमेऱ्यासमोर नाव, उंची वगैरे सांगायची, डावी-उजवी बाजू दाखवायची, मग प्रसंग करायचा. मी विचारलं, चांगला कोण हे कळतं कसं? ती म्हणाली, “पहिला टेक पाहूच नकोस. टेक झाला की एक छोटीशी सूचना दे आणि दुसरा टेक बघ. सांगितलेलं ऐकून माणूस बदलतो का, तेवढंच पाहायचं. शूटच्या दिवशी दर तासाला तेच लागतं.” प्रोग्रॅमरच्या मुलाखती मी घेतो. तिथेही मी आता हेच करायला लागलोय.

आपलं काम हौशी, आपल्याला एवढं कशाला, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ज्या माणसाला आपण भारतीय सिनेमाचा जनक म्हणतो, तो आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकला आणि त्याने गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तेव्हा पैशांची ओढाताण काही कमी नव्हती. घरातले दागिने गेले, युनिटचा स्वयंपाक सरस्वतीबाईंनी केला, रोहिदासाच्या भूमिकेत मुलगा भालचंद्र उभा राहिला. घरच्या माणसांच्या बाबतीत त्यांनी आमच्यासारखंच केलं म्हणा ना. तारामतीच्या कामाला मात्र एकही बाई तयार होईना. शेवटी एका हॉटेलात स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके त्यांना सापडले. हॉटेलात त्यांना महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असं सांगतात. १९१३ साली, सिनेमा म्हणजे काय हेही लोकांना नीट माहीत नव्हतं तेव्हा, पडद्यावर दिसणाऱ्या बाहेरच्या माणसाला त्याच्या आधीच्या पगारापेक्षा जास्त द्यायचं, हे त्या ओढाताणीतही बसलं. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. साळुंक्यांनी पुढे ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोघंही केले. एकाच माणसाकडून दोन भूमिका करून घेणं हे बजेटचं गणित असेल का, असा विचार माझ्या डोक्यात येतो खरा, पण तो एक्सेलवाल्याचा दोष.

कायदाही थोडा वाचून काढला. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या सादरीकरणावर त्याचा स्वतःचा हक्क मानलेला आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीत तो आणखी भक्कम झाला. लेखी संमती देऊन फिल्ममध्ये काम केलं, की कलाकाराला मागाहून सहसा हरकत घेता येत नाही. पण व्यावसायिक वापरातून येणाऱ्या पैशांत त्याचा वाटा राहतो, आणि बोलण्याची मोडतोड करून बदनामी केली तर तो दाद मागू शकतो. म्हणजे सगळा भार त्या लेखी कागदावर येतो. तोच कागद आपण ‘आपलीच माणसं’ म्हणून करत नाही.

आता यात माझ्या धंद्यातली भर पडली आहे. काही मिनिटांच्या रेकॉर्डिंगवरून आवाजाची नक्कल करणं आज कठीण राहिलेलं नाही, चेहऱ्याचंही तेच. २०२३ मध्ये हॉलिवूडचे नटनट्या ११८ दिवस संपावर होते. त्यांच्या मागण्यांत एक ठळक मागणी हीच होती, की गर्दीत उभ्या राहणाऱ्या कलाकाराचंही शरीर एकदा स्कॅन करून पुढे हवं तसं वापरायचं नाही, संमती आणि पैसे दोन्ही हवेत. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, आवाज, चेहरा परवानगीशिवाय वापरायला मनाई केली. त्यांच्या खास ढंगातलं ‘झकास’ही त्यात आलं. घरोघरी वापरला जाणारा आपला साधा मराठी शब्द कोर्टापर्यंत पोचला, याची मला गंमत वाटली. अनिल कपूर यांच्याकडे वकील होते. काकूंकडे भाची होती.

लहान मुलांच्या बाबतीत नियम आणखी स्पष्ट आहेत, आणि आपल्या मंडळांच्या व्हिडिओंत मुलं तर असतातच. व्यावसायिक निर्मितीत १४ वर्षांखालच्या मुलाला घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यायलाच हवी, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस असावा लागतो. मुलाच्या कमाईतले निदान वीस टक्के थेट त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत जातात. आम्ही मागच्या गणेशोत्सवात सहा वर्षांच्या मुलांना दुपारी दोन ते रात्री नऊ मावळ्यांच्या वेषात बसवून ठेवलं होतं. त्या दिवशी कोण जबाबदार होतं, असं विचारलं तर पन्नास पालक हात वर करतील, म्हणजे कुणीच नव्हतं.

या वर्षी आम्ही दुसरी फिल्म केली, आपल्या स्वयंपाकघरांवर, जिथे वरण मराठी आणि फोडणीतली साखर गुजराती असते. पैसे तेवढेच, ६०,०००. ड्रोन काढला, ५,००० वाचले. सगळे वेळेवर येणार हे पक्कं असल्याने कॅमेरा दोनऐवजी दीड दिवस घेतला, ६,००० वाचले. जेवणातलं आइस्क्रीम गेलं, १,००० आणखी. त्या १२,००० मधून निवेदन करणाऱ्या त्याच मुलीला दिवसाचे ४,००० आणि तालमीचे १,००० दिले. बाकी तिघांना प्रत्येकी १,५००, सगळ्यांच्या रिक्षाला मिळून १,०००, आणि १,५०० हाताशी ठेवले. मुंबईच्या मानाने हे आकडे चिल्लर आहेत. पण काम संपलं त्याच संध्याकाळी दिले. मालिकांच्या धंद्यात नव्वद दिवस थांबायचा जुना रिवाज आहे, तो आपल्याला काय करायचा?

आइस्क्रीमवरून बैठकीत बरीच नाराजी झाली. खजिनदारांचं म्हणणं, आज पैसे दिले की उद्या कुणी फुकट येणार नाही. ते खरं ठरेलही. दोन जणांनी पाकीट परत मंडळाला दिलं. आम्ही ते ‘कलाकारांचं मानधन, देणगी म्हणून परत’ असं लिहून जमेला धरलं. शून्य लिहिलं नाही.

एक पानाचा कागद मी मराठीत तयार केला: फिल्म कुठे दाखवणार, किती काळ, कुणाला फुटेज देणार नाही, आवाज किंवा चेहरा कुठल्याही यंत्राला शिकवायला वापरणार नाही. काकू पुन्हा येतील असं मला वाटलं नव्हतं, पण आल्या. चष्मा लावून त्यांनी तो कागद वर्गातल्या वहीसारखा वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि ‘एक वर्षासाठी’ या शब्दांवर बोट ठेवलं.

“एक वर्ष म्हणजे पुढची दिवाळी यात धरायची का नाही?”

मी म्हटलं, तुम्ही सांगाल तसं.

“मग तारीख लिही,” त्या म्हणाल्या आणि पेन माझ्यापुढे केलं.