मराठी ख्रिस्ती मंडळींतील स्त्रियांचें सेवाकार्य व त्यांचा अधिकार

(१)

जुनीं दप्तरें चाळणाऱ्यांस एक गोष्ट परिचयाची असते. ज्याच्या हातीं वतन किंवा हुद्दा असेल त्याचें नांव कागदावर उमटतें; ज्याच्या वांट्यास नुसतें काम आलें त्याचें नांव बहुधा उमटत नाहीं. पाटील-कुळकर्ण्यांचीं नांवें महजरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांपडतात, परंतु गांवची विहीर कोणीं खणली हें शोधूं गेल्यास हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. मराठी ख्रिस्ती मंडळींतील स्त्रियांचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यापुढें हीच अडचण उभी राहते. या स्त्रियांनीं उपदेशाचें व शिक्षणाचें काम आरंभापासून केलें. त्या कामाचा हुद्दा मात्र त्यांस फार उशिरां मिळाला. काम व हुद्दा यांमधील हें अंतर ध्यानांत घेतल्यावांचून मिशनचे कागद वाचले, तर त्यांत स्त्रिया नव्हत्याच असा चुकीचा ग्रह होतो. हें अंतर कसें पडलें व संग्राहकांनीं कागद कोणत्या नजरेनें पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

हा विषय आम्हीं वाशीच्या बाजूनें पाहत आहों. वाशी हें धाराशिव (पूर्वींचें उस्मानाबाद) जिल्ह्यांतील तालुक्याचें ठाणें. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. दक्षिणेकडील बार्शी मात्र इंग्रजी अंमलाखालीं होती. पश्चिमेस अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) व दक्षिणेस सोलापूर हीं अमेरिकन मराठी मिशनचीं ठाणीं. आग्नेयेस गुलबर्गा, तेथें पंडिता रमाबाईंनीं आपली कन्या मनोरमाबाई यांच्या साह्यानें १९१२ सालीं शाळा काढिली. म्हणजे या टापूंतील ख्रिस्ती कुटुंबांच्या इतिहासाचे धागे एका दप्तरांत मिळावयाचे नसून नगर-सोलापूरचे अहवाल, हैदराबादचीं दप्तरें व केडगांवचे कागद अशा तीन दिशांस शोधावे लागतात.

(२)

प्रथम शब्दांचा उलगडा केला पाहिजे. प्रॉटेस्टंट मंडळींत पाळक म्हणजे दीक्षा मिळालेला अधिकारी. बाप्तिस्मा देणें, प्रभुभोजनाचा विधि चालविणें, लग्न लावणें हीं कामें त्याचीं. त्याच्या खालीं उपदेशक, शिक्षक व मंडळीचे वडील. स्त्रियांचीं नांवें यांपैकीं पहिल्या वर्गांत नव्हतीं. त्यांच्यासाठीं वेगळी जागा ठरली होती, ती बायबलबाईची. ही प्रथा लंडन शहरांत १८५७ सालीं एलन रॅन्यर्ड या बाईंनीं सुरू केली व तेथून ती हिंदुस्थानांत पसरली. बायबलबाईनें घरोघर जावें, स्त्रियांस शास्त्र वाचून दाखवावें, गीतें म्हणावीं, अक्षरओळख करून द्यावी, आजाऱ्याची विचारपूस करावी, अशी तिच्या कामाची रीत होती. ज्या समाजांत परक्या पुरुषास माजघरांत पाऊल टाकतां येत नसे, तेथें मंडळीचा प्रवेश तिच्यावांचून होणेंच शक्य नव्हतें.

असें असतां अहवालांत तिची नोंद कशी येते? वर्षाच्या शेवटीं जो तक्ता छापीत त्यांत पाळक इतके, उपदेशक इतके, शिक्षक इतके व बायबलबाया इतक्या, असे आंकडे असत. पाळकाचें नांव अन्यत्र दहा ठिकाणीं सांपडतें. बायबलबाई बहुधा त्या आंकड्यांतच राहते. खुद्द मिशनरी बायांची स्थितीहि फार वेगळी नव्हती. विवाहित बाईची ओळख नवऱ्याच्या नांवानें दिली जाई.

या भेदास शास्त्राधार दोन्हीं बाजूंनीं काढीत. पौलानें करिंथकरांस व तीमथ्यास लिहिलेल्या पत्रांत स्त्रियांनीं सभेंत मौन धरावें अशा अर्थाचीं वचनें आहेत. उलट त्याच पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायांत फीबी नामक स्त्रीचा मंडळीची सेविका म्हणून आदरानें उल्लेख आहे, आणि प्रेषितांच्या कृत्यांत पुत्र व कन्या दोघेहि संदेश देतील असें योएलाचें भविष्य उद्धृत केलें आहे. वाद होता तो कोणतें वचन सर्वकाळ लागू व कोणतें त्या काळापुरतें, याचा.

(३)

आपल्या प्रांतांतील पहिलें ठळक नांव सिंथिया फॅरार यांचें. या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ सालच्या अखेरीस मुंबईस आल्या. पुढें १८३९ पासून त्यांनीं अहमदनगर येथें मुलींच्या शाळा चालविल्या व १८६२ सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला. जोतीराव फुले यांनीं नगर येथील ही शाळा पाहिली होती व तिचा आपल्या मनावर परिणाम झाल्याचें त्यांनीं सांगितलें आहे. एवढें कार्य करणाऱ्या बाईंचा दर्जा मिशनच्या पटावर साहाय्यक मिशनरी इतकाच होता.

ह्याच नगरांत १८४२ सालीं निघालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्रानें १८५५ सालीं फुले यांच्या शाळेंतील मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध छापला. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. परंतु मिशनच्या पत्रानें मुलीचा शब्द तिच्या नांवानिशीं छापला ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जेथें छापखाना होता तेथें स्त्रीचें नांव उरलें. जेथें केवळ तक्ता होता तेथें तें उरलें नाहीं.

(४)

स्त्रीच्या अधिकाराचा प्रश्न ज्या कागदांत सर्वांत स्पष्टपणें मांडला गेला, ते कागद पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचे होत. रमाबाई (१८५८–१९२२) ह्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. आईबापांबरोबर पुराणें सांगत त्यांनीं देशभर प्रवास केला, १८७८ सालीं कलकत्त्यास पंडिता व सरस्वती ह्या पदव्या मिळविल्या, व १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. पुढें चेल्टनहॅमच्या स्त्री-महाविद्यालयांत त्या संस्कृत शिकवूं लागल्या. तेथें त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांसहि शिकवावें असा विचार निघाला, तेव्हां हिंदुस्थानांतील अनुभवी बिशपांचें मत घेण्यांत आलें. लाहोर व मुंबई येथील बिशपांनीं प्रतिकूल अभिप्राय दिला. अशानें स्वदेशीं परतल्यावर स्त्रियांमधील रमाबाईंचें वजन कमी होईल, असें त्यांचें म्हणणें होतें.

१८८५ सालच्या पत्रांत रमाबाईंनीं यास दिलेलें उत्तर मुळांतून वाचण्यासारखें आहे. त्याचा सारांश असा: माझ्या आईनें व मीं पुरुषांस शिकविलें त्यास माझ्या वडिलांनीं किंवा पतीनें हरकत घेतली नाहीं; मग ती ख्रिस्ती देशांतील लोकांनीं घ्यावी याचें नवल वाटतें. शिवाय एका पुरोहितवर्गाच्या जोखडांतून महत्प्रयासानें सुटल्यावर दुसऱ्या तशाच जोखडाखालीं मान देण्यास मी तयार नाहीं. वाद शिकवणीवरून निघाला खरा, परंतु त्याच्या बुडाशीं मंडळींत स्त्रीच्या सदसद्विवेकावर अंतिम सत्ता कोणाची हा प्रश्न होता.

संग्राहकांस यांतून घेण्याजोगा आणखी एक धडा आहे. हीं पत्रें टिकलीं तीं रमाबाईंच्या पक्षाच्या लोकांमुळें नव्हेत. ज्यांच्याशीं त्यांचा वाद चालला होता त्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनीं तीं जपून ठेविलीं. पुढें तीं १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें अ. भि. शहा यांच्या संपादनाखालीं प्रसिद्ध केलीं. विरुद्ध पक्षाच्या पेटींतला कागद कित्येकदां अधिक बोलका असतो, याचें हें उत्तम उदाहरण होय.

(५)

रमाबाईंचें आश्चर्य निराधार नव्हतें. महाराष्ट्रांतील धर्मपरंपरांत स्त्रीचा उपदेश ही अपूर्व गोष्ट नव्हे. वाशी ज्या जिल्ह्यांत आहे त्याच जिल्ह्यांतील तेर हें गोरोबाकाकांचें गांव. तेथें संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनीं एकेकाच्या मस्तकावर थापटणें मारून मडकें कच्चें कीं पक्कें याची परीक्षा केली, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. म्हणजे परीक्षा मांडणारी एक लहान वयाची मुलगी, व परीक्षेस बसणारे थोर पुरुष. महानुभाव पंथांत महदाइसेचा मान सर्वश्रुत आहे. समर्थशिष्या वेणाबाई यांनीं तर उभ्यानें कीर्तन केलें व मिरज येथील मठाचा अधिकार चालविला. येथेंहि गुरूनें अधिकार दिला म्हणून नांव राहिलें, हें विसरतां कामा नये. वेणाबाईंच्या योग्यतेच्या, परंतु मठ न मिळालेल्या बाया किती झाल्या असतील याची गणति नाहीं.

(६)

रमाबाईंनीं पुढें वाद घालीत न बसतां निराळाच मार्ग धरिला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढिलें, नंतर तें पुण्यास नेलें, व दुष्काळांत आणिलेल्या मुलींसाठीं १८९८ च्या सुमारास केडगांव येथें मुक्तिसदन वसविलें. तेथें शिकविणाऱ्या, प्रार्थना चालविणाऱ्या, छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. १९०५ सालच्या धर्मजागृतीच्या वेळीं आसपासच्या गांवीं सुवार्ता सांगण्यास कोण जाईल असें विचारतां प्रथम सुमारें ३० मुली पुढें आल्या. अशा टोळ्या गांवोगांव हिंडूं लागल्या, तेव्हां त्यांच्या तोंडचें भाषण प्रवचन म्हणावें कीं नाहीं हा वाद खेडेगांवच्या श्रोत्यांस पडला नसेल.

तथापि हुद्द्याची रेघ येथेंहि पुसली गेली नव्हती. मुक्तीच्या आरंभींच्या दिवसांत मुलींचा सामुदायिक बाप्तिस्मा भीमा नदींत झाला, तो देणारे मेथडिस्ट पाळक पुरुषच होते. शिकवण स्त्रियांची व विधि पुरुषाचा. आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींत विधि करणाराचें नांव येतें, शिकविणारीचें येत नाहीं.

रमाबाईंचें शेवटचें मोठें कार्य बायबलाच्या मराठी भाषांतराचें. त्यासाठीं त्यांनीं हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. साध्या बायकांस कळेल असें मराठी असावें हा त्यांचा कटाक्ष होता. १९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या व ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईहि निवर्तल्या. ग्रंथ १९२४ सालीं केडगांवच्याच छापखान्यांतून बाहेर पडला. ज्या स्त्रीस व्यासपीठावरून पुरुषांस शिकवूं द्यावें कीं नाहीं यावर बिशपांचें मत मागविलें होतें, तिनें सबंध शास्त्रच मराठींत केलें व तें स्त्रियांनीं छापिलें.

(७)

दुसरें उदाहरण नगरचें. लक्ष्मीबाई टिळक यांस शाळेचें शिक्षण नव्हतें. त्यांनीं १९०० सालीं, म्हणजे रे. नारायण वामन टिळकांच्या नंतर पांच वर्षांनीं, बाप्तिस्मा घेतला. टिळकांस पाळकपद होतें, लक्ष्मीबाईंस कोणतेंच नव्हतें. परंतु १९१९ सालीं टिळक वारले तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ आरंभींच्या थोड्या अध्यायांपाशीं थांबलें होतें, तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. उरलेले बहुतेक सर्व अध्याय त्यांचे आहेत. १९३४ पासून प्रसिद्ध झालेलीं त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ वाङ्मय म्हणून सर्वमान्य आहेतच. शिवाय पाळकाच्या घरांतील स्त्री मंडळीचा केवढा भार उचलीत असे, हें दाखविणारें तें अव्वल दर्जाचें इतिहाससाधनहि आहे.

(८)

हुद्दा मिळाल्याचा वृत्तांत थोडक्यांत सांगतां येण्याजोगा आहे. मुक्तिफौज १८८२ सालीं मुंबईस उतरली ती स्त्रियांस अधिकारी नेमण्याचा आपला नियम घेऊनच. मेथडिस्ट पंथानें स्त्रियांस उपदेशकाचा परवाना १९२० मध्यें व पाळकपणाचे संपूर्ण हक्क १९५६ मध्यें दिले. दक्षिण भारतांतील संयुक्त मंडळींत १९७६ सालीं पहिल्या स्त्रीस दीक्षा मिळाली व २०१३ मध्यें नंद्याळ येथें एक बाई बिशप झाल्या. रोमन कॅथलिक मंडळींत पुरोहितपद आजहि पुरुषांसच आहे. फॅरारबाई मुंबईस उतरल्या तेव्हांपासून १९७६ पर्यंत जवळजवळ दीडशें वर्षें होतात. या दीडशें वर्षांचा इतिहास पदांच्या याद्यांवरून लिहिला तर तो अर्धाच होईल.

(९)

म्हणून वाशी, भूम, परंडा, बार्शी या बाजूच्या संग्राहकांस आमची विनंति आहे. मोडी बखरी व सनदा यांइतकेंच मोल पुढील वस्तूंस द्यावें: मिशनचे छापील अहवाल, विशेषतः त्यांतील तक्ते, बाप्तिस्मा व लग्न यांच्या नोंदवह्या, बायबलबाईच्या पगाराच्या पावत्या व भेटींच्या टांचणवह्या, मुक्ति छापखान्याचीं पुस्तकें, आणि कुटुंबांतून राहिलेल्या गीतांच्या हस्तलिखित वह्या. बायबलाच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यूच्या तारखा लिहून ठेवण्याची चाल ख्रिस्ती घरांत आहे. तीं पानें फाडून टाकूं नयेत. बाइंडिंग बदलतांना तीं हमखास जातात. पावतीवर अंगठा असेल तर तोहि टिपून घ्यावा; त्याच्या शेजारीं दुसऱ्याच्या हातानें लिहिलेलें नांव असतें, व तेंच पुष्कळदां त्या बाईच्या नांवाचें एकमेव लेखी प्रमाण ठरतें.

नांव सांपडल्यावर तें तक्त्यांतील आंकड्याशीं जुळवून पाहावें. अमुक सालीं अमुक ठाण्याखालीं बायबलबाया सहा, असें अहवाल सांगतो. त्या सहांपैकीं एकीचें नांव, गांव व हस्ताक्षर जरी निश्चित झालें, तरी मंडळीच्या इतिहासांतील एक जागा भरून निघते. हें काम घाईचें आहे. सरकारी दप्तरास कपाटें आहेत; या कागदांस घरच्या ट्रंकेपलीकडे आसरा नाहीं, आणि त्यांचें मोल जाणणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत.