भाद्रपद ते कार्तिक : शेतावरच्या जीवसृष्टीविषयीचे गैरसमज

पावसाळा सरून शरद लागतो तेव्हा धान्य, किडे, ओलावा आणि आडोसा या चारही गोष्टी शेतावर एकाच वेळी मुबलक असतात. पवनेच्या काठची काळेवाडी आज पिंपरी-चिंचवडच्या दाट वस्तीत मिसळून गेली असली, तरी पश्चिमेकडची मावळातली भातखाचरे आणि चाकण-खेडकडची कांदा, बाजरी व उसाची शिवारे तिच्यापासून फार लांब नाहीत. मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुणे परिसरातून माघार घेतो. तोवर भात निसवलेला असतो, बाजरी काढणीला आलेली किंवा खळ्यावर पोचलेली असते आणि गवताला बी धरलेले असते. वन्य जीव शेतात सर्वाधिक दिसतात ते याच दिवसांत, आणि त्यांच्याविषयीचे समजही याच दिवसांत जोर धरतात. त्यांतले काही निरुपद्रवी आहेत. काहींपायी मात्र शेतकऱ्याचा मित्र मारला जातो आणि खरा शत्रू बांधावर मोकळा वाढत राहतो.

गैरसमज : शरद म्हणजे पानगळीचा ऋतू.

वस्तुस्थिती : हे चित्र युरोप-अमेरिकेतले आहे. तिकडे दिवस लहान होतो, थंडी वाढते आणि झाडे पाने गाळतात. महाराष्ट्रातल्या झाडांपुढची अडचण थंडीची नसून पाण्याची आहे. आश्विन-कार्तिकात जमिनीत ओल टिकून असते, त्यामुळे पाने टाकण्याची गरजच पडत नाही. माती सुकत गेली की पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचवण्यासाठी साग, सावर, पळस ही झाडे हिवाळ्याच्या उत्तरार्धात उघडी पडू लागतात. इथली पानगळ शिशिराची आहे. शरदात उलट फुलांची गर्दी असते : माळावर सोनकी, बांधावर तेरडा आणि कुरडू, शेतात कारळा आणि तीळ. ऑक्टोबरचा उकाडाही पाणी संपल्यामुळे होत नाही. ढग हटल्याने ऊन थेट पडते आणि ओल्या जमिनीची वाफ हवेत दाटते, म्हणून तो जाणवतो.

गैरसमज : गाजर गवत हे साधे गवत आहे, कापले की संपते.

वस्तुस्थिती : गाजर गवत गवताच्या कुळातले नाही, ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे. त्याचे मूळ उष्ण कटिबंधीय अमेरिकेत असून पाने गाजरासारखी कातरलेली असल्यामुळे त्याला हे नाव पडले. १९५६ मध्ये पुण्यातून त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली आणि या वनस्पतीकडे देशाचे लक्ष गेले. वरवर कापलेले झाड बुडख्यापासून पुन्हा फुटते, आणि एका जोमदार झाडाला दहा हजारांहून अधिक बिया येऊ शकतात. म्हणून फुलोरा येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटणे हाच खात्रीचा उपाय आहे. हातमोजे आवश्यकच, कारण त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज व पुरळ येते आणि परागकणांमुळे श्वसनाचा त्रास होतो. त्याची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा भारतात १९८४ मध्ये सोडण्यात आला. तो पावसाळ्यात काम करतो आणि कोरड्या दिवसांत जमिनीत दडून राहतो, त्यामुळे एकट्या भुंग्यावर विसंबून भागत नाही.

गैरसमज : जलपर्णी पाणी शुद्ध करते, म्हणून ती राहू द्यावी.

वस्तुस्थिती : जलपर्णी पाण्यातील नत्र, स्फुरद आणि काही जड धातू शोषून घेते, हे खरे. पण ती बाहेर काढली नाही, तर जागच्या जागी कुजते आणि शोषलेले सारे पुन्हा पाण्यात सोडते. कुजताना पाण्यातला प्राणवायूही खर्ची पडतो. थेरगाव, काळेवाडी, पिंपरी असे करत पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. पावसाळ्यात पूर आला की या पट्ट्यातली जलपर्णी वाहून जाते आणि नदी स्वच्छ झाल्यासारखी भासते. पाऊस ओसरल्यावर प्रवाह मंदावतो, सांडपाणी मात्र येतच राहते, आणि काठाला अडकून राहिलेल्या मोजक्या रोपांपासून पुन्हा थर तयार होतो. अनुकूल स्थितीत या वनस्पतीचा पसारा दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. रोपे थोडी असताना, म्हणजे शरदातच, ती काढणे सर्वांत सोपे असते. सांडपाणी थांबवल्याशिवाय मात्र हा प्रश्न कायमचा सुटत नाही.

गैरसमज : बांधावरची झुडपे म्हणजे तण आणि प्रत्येक अळी म्हणजे कीड.

वस्तुस्थिती : बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या ठरावीक वनस्पतींवरच जगतात. रुईच्या पानांवर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसते. ती रुईच्या चिकातले विषारी घटक अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. ही अळी शेतातल्या भाताला, बाजरीला किंवा कांद्याला तोंड लावत नाही. टाकळ्यावर पिवळ्या रंगाची लहान फुलपाखरे अंडी घालतात. लिंबावरची अळी मात्र लहान रोपांची पाने फस्त करते, तेव्हा ओळखूनच निर्णय घ्यावा. कुरडू, टाकळा, घोळ, तांदुळजा या तर माणसाच्याही रानभाज्या आहेत. सगळा बांध तणनाशकाने जाळला की परागीभवन करणाऱ्या कीटकांचे खाद्य आणि किडी खाणाऱ्या कोळ्यांचा आसरा दोन्ही नाहीसे होतात.

गैरसमज : चतुर डंख मारतो.

वस्तुस्थिती : चतुराला डंखच नसतो. मादीच्या शेपटीच्या टोकाशी दिसणारा अवयव अंडी घालण्यासाठी असतो. चतुर डास, चिलटे, तुडतुडे उडता उडता पकडतो, आणि पाण्यात वाढणारी त्याची पिल्ले डासांच्या अळ्या खातात. भाताच्या खाचरांवर पावसाळ्याच्या अखेरीस पिवळसर चतुरांचे थवे तरंगत असतात. हे पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत वाढलेले भटके चतुर. जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मालदीवमधील नोंदींवरून असा निष्कर्ष मांडला, की ऑक्टोबरपासून हे चतुर वाऱ्याच्या साथीने हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, आणि पुढच्या पिढ्या मोसमी वाऱ्यांबरोबर परततात.

गैरसमज : पाऊस संपला की बेडूक मरतात, आणि नवे बेडूक पावसाबरोबर पडतात.

वस्तुस्थिती : पाऊस संपता संपता बेडूक भरपूर किडे खाऊन अंगात चरबी साठवतात आणि चिखलात, बिळांत, दगडांखाली शिरतात. तिथे त्यांच्या शरीराचे व्यवहार मंदावतात आणि ते पुढच्या पावसापर्यंत तग धरतात. पहिल्या पावसात अचानक दिसणारे बेडूक जमिनीतूनच वर आलेले असतात. शेतीसाठी त्यांचे मोल एवढे, की निर्यातीसाठी होणारी त्यांची बेसुमार पकड थांबवण्यासाठी भारताने १९८७ मध्ये बेडकांच्या पायांच्या निर्यातीवर बंदी घातली.

गैरसमज : सुगरणीचे घरटे मादी विणते आणि उजेडासाठी त्यात काजवे चिकटवते.

वस्तुस्थिती : घरटे नर विणतो. उसाच्या किंवा गवताच्या पात्याच्या कडेला तो चोचीने खाच पाडतो आणि उडत जाऊन तिथून लांबलचक धागा सोलून काढतो. असे धागे २० ते ६० सेंटिमीटर लांब असतात. एका घरट्यासाठी त्याला पाचशेपर्यंत खेपा घालाव्या लागतात. घरटे शिरस्त्राणाच्या आकाराला आले की तो थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादीने आत शिरून ते पसंत केले, तरच प्रवेशाची लांब नळी विणून काम पुरे होते. बाभळीवर शरदात लोंबणारी अर्धवट घरटी बहुधा नापसंत झालेली असतात. घरट्यात मातीचे गोळे लिंपलेले आढळतात; काजव्यांनी उजेड केल्याला पुरावा नाही. सुगरण दाणे खाते हे खरे, पण पिल्लांना ती किडेही भरवते.

गैरसमज : हिवाळी पाहुणे पक्षी इथे अंडी घालायला येतात आणि पीक लुटून जातात.

वस्तुस्थिती : सप्टेंबरपासून नदीकाठी आणि ओल्या शेतात शेपटी हलवत फिरणारे बहुतेक धोबी हिमालयात किंवा त्याच्याही उत्तरेला वीण उरकून आलेले असतात. तिकडे बर्फ पडू लागले की किडे मिळत नाहीत. इथे त्याच वेळी ते भरपूर असतात. पाहुणे येतात ते पोटासाठी. भोरड्यांची वीणही पूर्व युरोप ते मध्य आशिया या भागात होते. त्यांचे थवे ज्वारीच्या कणसांवर उतरतात तेव्हा नुकसान होते आणि राखण करावीच लागते. पण हेच थवे नाकतोडे आणि टोळही मोठ्या प्रमाणात खातात. दाणे भरण्याच्या थोड्या दिवसांपुरती राखण हा शहाणा मार्ग आहे. विष टाकणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्याने शेताचे रक्षकही मरतात.

गैरसमज : धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, नाग डूख धरतो, मांडुळाला दोन तोंडे असतात.

वस्तुस्थिती : सापाला चोखण्यासाठी लागणारे ओठ नसतात आणि त्याचे दात आत वळलेले, टोकदार असतात. अशा तोंडाने सड धरला तर गाय क्षणभरही उभी राहणार नाही. धामण बिनविषारी असून गोठ्यात येते ती उंदरांच्या मागावर. डूख धरून माणसाचा माग काढण्याइतकी सापाची स्मरणशक्ती नसते. मांडुळाची शेपटी तोंडासारखी बोथट असते, एवढेच. या समजापायी त्याची तस्करी होते. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे आणि विकणे हा गुन्हा आहे.

धान्य पिकले की उंदीर वाढतात, पावसाळ्यात जन्मलेली सापाची पिल्ले हिंडू लागतात आणि गवतकापणीला माणसे शेतात वाकून काम करतात. या काळात साप जास्त दिसण्याची कारणे ही आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांच्या दंशावर एकच प्रतिविष चालते. घोड्यांना विषाची अल्प, वाढती मात्रा देऊन त्यांच्या रक्तातून ते मिळवतात. हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाचे हे काम पिंपरीत चालत आले आहे. दंशानंतर जखम कापणे, चोखणे, दोरीने घट्ट आवळणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांत मोलाचा वेळ जातो. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

गैरसमज : घुबड अशुभ असते.

वस्तुस्थिती : घुबड शेतातले उंदीर संपवणारा रात्रीचा पहारेकरी आहे. न पचलेली हाडे आणि केस गोळीच्या रूपात ते तोंडावाटे टाकते. गव्हाणी घुबडाच्या बसण्याच्या जागेखालची अशी करडी गोळी पाण्यात भिजवून उलगडली, की उंदरांच्या कवट्या आणि पिवळे दात सुटे होतात. त्याने काय खाल्ले याचा हा उघड हिशेब. पिंगळाही नाकतोडे, भुंगे आणि लहान उंदीर खातो. तरीही दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी घुबडे मारली जातात. ही भीती घालवण्यासाठी इला फाउंडेशनने पुरंदर तालुक्यातील पिंगोरीत २०१८ मध्ये उलूक महोत्सव सुरू केला. जुनी पोकळ झाडे राखणे आणि उंदरांसाठी विष टाळणे, एवढे केले तरी घुबडे शेताजवळ टिकतात.

गैरसमज : बिबट्या वाट चुकून उसात येतो, त्याला पकडून दूर सोडले की प्रश्न मिटतो.

वस्तुस्थिती : खेड (चाकण याच तालुक्यात आहे), जुन्नर, आंबेगाव आणि शिरूर या तालुक्यांत धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि वर्षभर दाट आडोसा तयार झाला. वस्तीभोवती कुत्री, डुकरे, शेळ्या यांचे खाद्य आहेच. इथले अनेक बिबटे उसातच जन्मले आणि वाढले आहेत. त्यांना परतायला दुसरे जंगल नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागात बिबटे पकडून इतरत्र सोडण्यात आले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळले, की त्यानंतर सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येतो.

माणसांचे जीव गेले आहेत, म्हणून ही भीती निराधार नाही. उपाय मात्र कामाचे हवेत. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडणी सुरू होते तेव्हा आडोसा मोडतो आणि धोका वाढतो. शेळ्यांचा गोठा वरूनही बंद असावा, उघड्यावर झोपू नये, लहान मुलांना उसालगत एकटे सोडू नये, आणि अंधारात उघड्यावर वाकून किंवा बसून राहणे टाळावे. तोडणीत बछडे सापडले तर त्यांना हाताळू नये. काम थांबवून वनविभागाला कळवावे. बछडे त्याच ठिकाणी सुरक्षित ठेवले, तर मादी बहुतेकदा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. बछडे सापडले नाहीत, तर ती वस्तीभोवती चिडून फिरते, आणि तो धोका टाळणे माणसाच्या हाती असते.