पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे : आमलीचे बालवाचक आणि मराठी बालसाहित्य

दमणगंगेच्या काठचे सिल्वासा शहर आणि आता त्याचाच भाग बनलेली आमली ही बहुभाषिक वस्ती आहे. वारली, कोकणा व धोडिया समाज या प्रदेशातील मूळचे. कारखानदारीच्या वाढीबरोबर महाराष्ट्र, गुजरात व उत्तर भारतातील कामगार कुटुंबेही येथे स्थायिक झाली. परिणामी अनेक बालकांची घरची बोली एक, शेजारची भाषा दुसरी आणि शाळेच्या पुस्तकाची भाषा तिसरी, अशी स्थिती असते. अक्षरओळख झाली तरी अर्थ हाती लागत नाही, आणि अर्थावाचून गोडी लागत नाही. चौथी-पाचवीनंतर प्रत्येक विषयातील मजकूर वाढत जातो. त्या वेळी अडखळत वाचणारे मूल गणितात व विज्ञानातही मागे पडते आणि हळूहळू शाळेलाच दुरावते. म्हणून अवांतर वाचन ही चैन नसून शिक्षणाची गरज आहे.

कोसबाडचा धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. शेजारच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी जे कार्य केले, ते आजही मार्गदर्शक आहे. बोर्डी येथे १९४५ साली सुरू झालेले हे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्या कार्याचा गाभा होता. त्यातूनच अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठीची कुरणशाळा आकारास आली. गाणी, गोष्टी व परिसरातील वस्तू हीच तेथील साधने होती.

हेच तत्त्व वाचनास लागू पडते. मुलाने घरच्या बोलीत सांगितलेली गोष्ट शिक्षकाने मोठ्या कागदावर लिहून घ्यावी, मुलांनी तीस चित्रे काढावीत आणि मग तीच गोष्ट सोप्या मराठीत लिहून शेजारी लावावी. बोली ही अडचण नसून प्रमाण भाषेकडे नेणारी पायरी आहे.

बालसाहित्याचा वारसा

मराठीत मुलांसाठी लिहिण्याची परंपरा जुनी आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ निघाले. साने गुरुजींनी नाशिकच्या कारागृहात १९३३ साली लिहिलेली ‘श्यामची आई’ घरोघरी पोहोचली. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या आणि ‘फास्टर फेणे’ हा धाडसी मुलगा निर्माण केला. १९७१ साली बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केले. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार देण्यास आरंभ केला. मराठीतील पहिला पुरस्कार अनिल अवचट यांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ या पुस्तकास मिळाला.

पुस्तक निवडताना वयापेक्षा वाचनाची तयारी पाहावी. नुकतेच वाचू लागलेल्या मुलास मोठी चित्रे व थोडा मजकूर हवा. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके त्यास योग्य होत. सरावलेल्या मुलास दिलीप प्रभावळकरांचा खोडकर ‘बोक्या सातबंडे’ आवडेल. कुमारवयीन मुलांना साहस, विज्ञान व चरित्रे यांची ओढ असते. सातवीतील मूल वाचनात कच्चे असेल, तर त्यास चित्रपुस्तक देण्यात कमीपणा मानू नये.

कपाटाचे कुलूप

अनेक शाळांत पुस्तके असतात, परंतु ती कपाटात बंद असतात. पुस्तक फाटले किंवा हरवले तर भरपाई कोणी करावयाची, ही शिक्षकाची भीती खरी असते. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी केवळ पुस्तकांची मोजदाद न करता किती पुस्तके मुलांच्या हाती गेली, हे पाहावे. वापरून जीर्ण झालेले पुस्तक हे नुकसान नव्हे, कामाचा पुरावा होय, असे धोरण ठरले तर कुलूप आपोआप निघेल.

शिक्षकांनी रोज पंधरा मिनिटे प्रकट वाचन करावे. गोष्ट उत्कंठेच्या ठिकाणी थांबविली, म्हणजे उरलेली वाचण्यास मुले स्वतःहून पुस्तक मागतात. पुस्तक मुलाने स्वतः निवडावे. न आवडल्यास ते अर्धे सोडण्याची मुभा असावी. वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरे लिहावयास लावू नयेत. देवघेवीची वही वरच्या वर्गातील मुलांकडे सोपवावी, म्हणजे जबाबदारीची सवयही लागते.

खर्चाची सबब येथे फारशी टिकत नाही. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके अल्प किमतीत मिळतात. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संगणकीय स्वरूपात विनामूल्य उपलब्ध केले आहेत. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरील मराठी गोष्टी विनामूल्य वाचता व छापून घेता येतात.

घराचा वाटा

आई-वडील निरक्षर असले तरी त्यांचा वाटा मोठा आहे. मुलाने वाचलेली गोष्ट रात्री घरात सर्वांनी ऐकावी आणि आजीने आपली एखादी जुनी गोष्ट त्यास सांगावी. आपले वाचणे कोणाला तरी हवे आहे, हे मुलास कळले की त्याचा हुरूप वाढतो. साताऱ्यातील भिलार या गावी २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ साकारले, ते ग्रामस्थांनी आपल्या घरांत पुस्तकांना जागा दिली म्हणून. आमलीतही एखादी ओसरी, समाजमंदिराचा कोपरा किंवा अंगणवाडीची खोली सायंकाळी तासभर मिळाली, तरी आरंभास पुरेशी आहे. पन्नास पुस्तके, एक सतरंजी व वाचून दाखविणारी एक व्यक्ती एवढ्यावर बालवाचनालय उभे राहते. ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांनी एकत्र येऊन ही सुरुवात करणे अगत्याचे आहे.