जागते गाव

हिंदी महासागर आणि प्रशांत महासागर यांच्या दरम्यान हजारो लहानमोठ्या बेटांची एक लांबच लांब माळ पसरलेली आहे. तोच इंडोनेशिया देश होय. या माळेतील जावा हे बेट आकाराने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे. परंतु 2020 सालच्या जनगणनेप्रमाणे त्यावर सुमारे 15 कोटी लोक राहतात. ज्वालामुखी पर्वतांच्या राखेने तेथील भूमी अत्यंत सुपीक झाली आहे. पाण्याची सोय असेल तेथे वर्षातून दोन वेळा, कोठे कोठे तीन वेळाही भाताचे पीक निघते. त्यामुळे जावाची खेडी दाट वस्तीची आहेत.

भाताच्या हिरव्यागार शेतांमध्ये नारळ, केळी आणि फणस यांची गर्द राई दिसली की तेथे खेडे आहे असे समजावे. राईच्या आत लाल कौलांची बसकी घरे असतात. कोणाच्या भिंती विटांच्या, कोणाच्या लाकडाच्या, तर गरिबांच्या बांबूच्या विणलेल्या तट्ट्यांच्या. प्रत्येक घराभोवती लहानशी परसबाग असते. तीत भाजीपाला पिकतो, कोंबड्या चरतात, एखादी शेळी बांधलेली असते. दोन घरांच्या मध्ये उंच कुंपण सहसा नसतेच; असले तर झुडपांची एखादी ओळ. हे बेट विषुववृत्ताजवळ असल्यामुळे वर्षभर सायंकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो. मग बारा तासांची रात्र सुरू होते. तट्ट्याच्या भिंतीआड झोपलेल्या शेतकऱ्याच्या शेळीचे, भाताच्या पोत्याचे आणि त्याच्या स्वतःच्या जिवाचे रक्षण या दीर्घ रात्री कोण करते?

याचे उत्तर पाहण्यापूर्वी तेथील काही शब्द ऐकण्याजोगे आहेत. इंडोनेशियाच्या भाषेत खेड्याला 'देसा' म्हणतात. जिवाला 'जीवा', मालमत्तेला 'हार्ता' आणि धोक्याला 'बाहाया' असे शब्द आहेत. 'देश', 'जीव', 'अर्थ' आणि 'भय' हे आपले ओळखीचे संस्कृत शब्दच फार प्राचीन काळी व्यापाऱ्यांबरोबर आणि विद्वानांबरोबर समुद्र ओलांडून तेथे गेले व त्या भाषेत मिसळून गेले. राखण करणे यासाठी तेथे 'जागा' हा शब्द आहे. त्याचे मूळ जागे राहणे या अर्थाच्या संस्कृत धातूत आहे. राखणे आणि जागे राहणे या दोन गोष्टी त्या लोकांनी एकाच शब्दात बांधल्या. जावाच्या खेड्याच्या संरक्षणाचे सारे रहस्य या एका शब्दात आहे.

रात्री नऊदहाच्या सुमारास गावाच्या वळणावरील एका लहानशा चौकीत दिवा लागतो. चौकी म्हणजे चार खांबांवर उभी असलेली, एक ओटा आणि वर छप्पर एवढीच झोपडी. तिच्या फळ्यावर आठवड्याच्या प्रत्येक वारापुढे काही नावे लिहिलेली असतात. ज्या घरांची त्या रात्री पाळी असेल त्या घरांतील पुरुष अंगाभोवती लुंगी गुंडाळून, हाती विजेरी घेऊन तेथे जमतात. कोणी शेतकरी असतो, कोणी गवंडी, तर कोणी शिक्षक. चहा होतो, गप्पा होतात, आणि ठरावीक वेळी मंडळी गावातून फेरी मारून येतात. या गस्तीला 'रोंदा' म्हणतात. पहाऱ्याच्या फेरीसाठी मराठीत वापरला जाणारा 'रोंद' हा जुना शब्द याच कुळातील आहे.

आपल्याकडच्या जुन्या गावगाड्यातही रात्रीची राखण करणारा 'जागल्या' असे. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. जागल्याचे काम ठरावीक कुळांकडे वंशपरंपरेने चालत आले होते. तो जागत असे आणि गाव झोपत असे. जावाच्या खेड्यात राखण कोणा एका कुळाच्या माथी नाही. आज जो दुसऱ्याच्या घरासाठी जागतो, त्याच्या घरासाठी उद्या दुसरा जागतो.

चौकीच्या छपराला लाकडाचा किंवा बांबूचा एक पोकळ ठोकळा टांगलेला असतो. त्याला उभी लांबट चीर पाडलेली असते. त्यास 'केंतोंगान' म्हणतात. दांड्याने त्यावर आघात केला की पोकळीतून घुमणारा टणक आवाज निघतो आणि रात्रीच्या शांततेत तो दूरवर ऐकू जातो. या ठोकळ्याला स्वतःची भाषा आहे. ठिकठिकाणी तीत थोडाफार फरक असतो. परंतु पुष्कळ गावांत दोन दोन ठोके म्हणजे चोरी, तीन तीन ठोके म्हणजे आग आणि चार चार ठोके म्हणजे पूर किंवा तशीच एखादी नैसर्गिक आपत्ती असा संकेत आहे. सर्व काही क्षेम असेल तर त्याचीही एक वेगळी लय असते. ती ऐकून मध्यरात्री जाग आलेली माणसे कूस बदलून पुन्हा निश्चिंत झोपी जातात. मात्र संकटाचा ठोका पडला की एका चौकीचा आवाज दुसरी चौकी उचलते, दुसरीचा तिसरी, आणि काही क्षणांत सारी वस्ती जागी होते. वीज गेली, तारा तुटल्या, तरी ही वाणी बंद पडत नाही.

गस्त घालणाऱ्यांनी खरोखरच सर्व गावातून फेरी मारली की चौकीतच डुलक्या घेतल्या, हे कसे कळावे? यासाठी जावाच्या लोकांनी फार साधी युक्ती योजिली आहे. प्रत्येक घराच्या दर्शनी भागी एक लहानसा डबा किंवा नारळाची करवंटी टांगलेली असते. गृहिणी निजण्यापूर्वी तीत थोडेसे तांदूळ घालून ठेवते. गस्तीची मंडळी दारोदार जाऊन ते गोळा करतात. या प्रथेचे नाव 'जिम्पितान', म्हणजे चिमटीने उचललेले. सकाळी डबा रिकामा दिसला की आपल्या दारावरून रात्री पहारा गेला, अशी घरच्यांची खात्री पटते. आणि जमलेल्या तांदळाचे काय होते? ते विकून येणारे पैसे गावाच्या पेटीत पडतात. त्यातून वाटेवरचा दिवा लागतो, ओढ्यावरचा साकव दुरुस्त होतो, एखाद्या आजाऱ्याला मदत मिळते. महाराष्ट्रातही मुलांच्या शिक्षणासाठी घरोघर मूठमूठ धान्य बाजूला काढण्याची प्रथा होती. तिला मुष्टिफंड म्हणत. एका चिमटीचे ओझे कोणालाच होत नाही. परंतु शंभर घरांच्या चिमटी एकत्र आल्या म्हणजे त्यांचे पोते होते.

ही सर्व व्यवस्था शेजारांच्या छोट्या छोट्या मंडळांवर उभी आहे. जपानने 1942 ते 1945 या काळात इंडोनेशियावर अंमल बसविला असताना लोकांवर नजर ठेवण्यासाठी घरांचे असे गट पाडले होते. देश स्वतंत्र झाल्यावर लोकांनी ते गट मोडले नाहीत. त्यांना आपल्या उपयोगाचे वळण दिले. गावी पाहुणा मुक्कामास आला तर चोवीस तासांच्या आत मंडळाच्या प्रमुखास कळवावे, अशी पाटी पुष्कळ वस्त्यांच्या तोंडाशी आढळते. घर बांधावयाचे असो, पाट उपसावयाचा असो की रस्ता झाडावयाचा असो, शेजारी एकत्र येऊन ते काम उरकतात. या परस्पर साहाय्याला तेथे 'गोतोंग रोयोंग' म्हणतात. शेतकऱ्यांनी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात जावे आणि शेतमालकाने सर्वांना जेवू घालावे, ही आपल्याकडची इर्जिक या रीतीची बहीणच शोभेल.

मालमत्तेत शेतकऱ्याला सर्वांत प्रिय असते ती जमीन. जमीन कोणी उचलून नेऊ शकत नाही हे खरे. पण बांध हळूच सरकविता येतो. पूर्वी जमिनींची नोंद गावच्या दप्तरातील एका वहीत असे, आणि कोणाचे शेत कोठपर्यंत हे वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असे. 1960 साली इंडोनेशियाने जमिनीचा मूलभूत कायदा केला आणि रीतसर मालकीपत्र देण्यास आरंभ झाला. 2017 सालापासून एकेक गाव संपूर्ण मोजून सर्वांना अशी पत्रे देण्याची मोठी मोहीम सुरू झाली. तरीही मोजणीच्या वेळी हद्दीची खूण रोवताना लगतच्या शेजाऱ्यांची संमती घ्यावीच लागते. कागद सरकारचा असला तरी त्याची साक्ष शेजारी देतो.

परंतु जागरूकतेलाही मर्यादा पाळावी लागते. चोर सापडला म्हणजे लोकांचा संताप अनावर होतो. काही ठिकाणी जमावाने संशयिताला इतके बेदम मारले की तो प्राणास मुकला. कधी तर तो निरपराध असल्याचे मागाहून उघड झाले. अशा कृत्याला तेथील भाषेत 'स्वतःच न्यायाधीश बनणे' असे म्हणतात आणि कायद्याने तो गुन्हा आहे. पकडलेल्या माणसाला गावच्या प्रमुखाच्या अथवा पोलिसांच्या स्वाधीन करणे, एवढेच पहारेकऱ्याचे काम. एका कोंबडीसाठी किंवा एका दुचाकीसाठी माणसाचा जीव घेणाऱ्या गावाला सुरक्षित कसे म्हणावे?

चोरापेक्षाही भयंकर शत्रू जावाच्या भूमीच्या पोटात दडलेला आहे. 27 मे 2006 रोजी पहाटे योग्यकर्ता शहराच्या दक्षिणेस भूकंप झाला. 5,700 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि लाखाहून अधिक घरे कोसळली. आश्चर्याची गोष्ट अशी की, लवचीक बांबूची आणि लाकडाची अनेक घरे तगून राहिली. आणि आधाराचे खांब व तुळया न घालता बांधलेल्या जड विटांच्या भिंतींखाली पुष्कळ जीव चिरडले. चोराला अडविणारी भिंतच धन्याच्या अंगावर आली. पुढे घरे बांधण्याचे पैसे सरकारने शेजाऱ्यांच्या लहान गटांच्या हाती दिले. गटांनी बैठका घेतल्या, हिशेब ठेवले आणि भूकंपात टिकतील अशी घरे एकमेकांच्या मदतीने उभारली.

चार वर्षांनी याहून अवघड प्रश्न उभा राहिला. योग्यकर्ताच्या उत्तरेस मेरापी नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावरील शेतकऱ्यांचा संसार दुभत्या गाईंवर चालतो. ऑक्टोबर 2010 मध्ये मेरापी जागा झाला. तापलेल्या वायूचे आणि राखेचे ढग प्रचंड वेगाने डोंगरावरून खाली लोटू लागले. दुरून ते लोकरीच्या कुरळ्या पुंजक्यांसारखे दिसतात, म्हणून जावाचे लोक त्यांना 'लोकरीच्या मेंढ्या' म्हणतात. पण त्यांच्या वाटेत सापडलेला प्राणी वाचत नाही. तीन लाखांहून अधिक लोकांना घरे सोडून जावे लागले. माणसे छावणीत सुखरूप पोहोचली. पण गोठ्यातील गाईंना चारा कोण घालणार? त्यांची धार कोण काढणार? अनेक शेतकरी दिवसा चोरून वर परत जात, गवत कापीत, गाईला घालीत आणि पुन्हा खाली येत. आयुष्यभराची कमाई डोळ्यांआड मरू द्यावी, की तिच्यासाठी स्वतःचा जीव पणाला लावावा? 'हार्ता' आणि 'जीवा' या दोन शब्दांत असा झगडा लागला. अखेर मेलेल्या गुरांबद्दल भरपाई देण्याचे आणि जिवंत गुरे विकत घेण्याचे सरकारने जाहीर केले. त्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक लोक दगावले.

या अनुभवातून लोक शहाणे झाले. पुढील काळात मेरापीच्या पश्चिम उतारावरील मागेलांग जिल्ह्यात डोंगरावरच्या गावांनी खालच्या सुरक्षित गावांशी बहिणीचे नाते जोडले. संकट आले तर वरच्या कोणत्या गावाने खालच्या कोणत्या गावी जावयाचे, हे आधीच ठरविण्यात आले. नोव्हेंबर 2020 मध्ये मेरापीची चिन्हे पुन्हा वाईट दिसू लागताच वृद्ध, मुले आणि बाळंतिणी यांना प्रथम या भगिनी-गावांत हलविण्यात आले. दक्षिणेकडील उतारावर तर माणसांच्या निवाऱ्यापाशी गुरांसाठीही तात्पुरते गोठे उभारले गेले. गाय सुरक्षित आहे हे कळले म्हणजे धन्याचा पाय पुन्हा धोक्याच्या वाटेकडे वळत नाही, हे आता सर्वांना उमगले होते.

काळ बदलत आहे. जावाचे अनेक तरुण कारखान्यांत कामाला जातात आणि रात्रपाळी करून थकून येतात. काही गावांत पगारी पहारेकरी आले आहेत, काही ठिकाणी कॅमेरे लागले आहेत, निरोप मोबाईलवरून जातात. करवंटीत तांदळाऐवजी नाणी पडू लागली आहेत. तथापि पुष्कळ चौक्यांच्या छपराला केंतोंगान अजूनही टांगलेला दिसतो. रमजानच्या महिन्यात मुले तो वाजवीत पहाटेपूर्वीच्या जेवणासाठी गावाला उठवितात. खेळता खेळता त्यांच्या हाताला त्याची लय लागते. पुढे एखाद्या काळ्या रात्री चार चार ठोक्यांचा नाद कानी पडेल, तेव्हा त्याचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागणार नाही. ती उठतील, शेजारचे दार ठोठावतील, म्हाताऱ्या आजीचा हात धरतील आणि सर्वांबरोबर सुरक्षित जागेकडे चालू लागतील.