मांजराची नखे जातात कोठे?

कुत्रा फरशीवरून चालला की नखांची टकटक ऐकू येते. मांजर मात्र मुळीच आवाज न करता निघून जाते. नखे तर त्यालाही असतात, आणि तीही चांगली अणकुचीदार! मग चालताना ती जातात कोठे?

मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायाला 5 आणि मागच्या प्रत्येक पायाला 4, अशी एकूण 18 बोटे असतात. बोटाच्या अगदी शेवटच्या हाडावर नख वाढते. मांजर स्वस्थ असते तेव्हा हे हाड मागे दुमडलेले असते व नख कातडीच्या घडीत झाकलेले राहते. हाडाला असे धरून ठेवणारा अस्थिबंध रबरासारखा लवचिक असतो. म्हणजेच, नखे आत ठेवण्यास मांजराला श्रम पडत नाहीत. श्रम पडतात ते नखे बाहेर काढताना! स्नायू आकुंचन पावला की हाडाच्या खालच्या बाजूस जोडलेली कंडरा दोरीसारखी ओढली जाते, हाड पुढे वळते आणि नख बाहेर येते. स्नायू सैल पडताच अस्थिबंध ते परत मागे खेचतो.

याचा लाभ कोणता? नख जमिनीवर घासत नाही, म्हणून टोक बोथट होत नाही. बल तेच असले तरी क्षेत्रफळ जितके कमी तितका दाब जास्त, हे तुम्ही टाचणीवरून जाणताच. पंजाच्या मऊ गाद्यांचे काम याच्या उलट. त्या वजन पसरवतात आणि आवाज दाबतात.

मांजर ज्वारीचे पोते ओरबाडते, ती निव्वळ खोडी नव्हे. नखाचे जुने झालेले बाहेरचे कवच त्यामुळे गळून पडते व आतले धारदार नख उघडे होते. पोत्याजवळ शोधा, चंद्रकोरीसारखे पोकळ टरफल सापडेल.

परभणी जिल्ह्यात पिंगळीच्या आसपास जमीन काळी आहे. पाऊस उघडल्यावर अशा ओल्या मातीतले ठसे पाहा. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा असतात. मांजराच्या ठशात सहसा नसतात. वाघ-बिबट्यांचे ठसेही असेच बिननखांचे. चित्ता मात्र अपवाद, कारण त्याची नखे पुरती झाकली जात नाहीत.

काही जण हौसेने वाघाचे नख गळ्यात घालतात. ते नख वाघाच्या बोटाच्या शेवटच्या हाडावर वाढलेले असते, हे आता तुम्हाला कळले. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या खरेदी-विक्रीस बंदी आहे. नखाची शोभा वाघाच्या पंजातच!