विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग आणि आपली मुले



ऊस पक्व झाला की नाही हे पाहायला शेतकी खात्याचा माणूस फडात येतो, रसाचे दोन थेंब यंत्रावर टाकतो आणि ब्रिक्स सांगतो. हा 'ब्रिक्स' शब्द आपल्या बांधावर इतका रुळला आहे की तो परका वाटतच नाही. वास्तविक ते १९ व्या शतकातील आडोल्फ ब्रिक्स या जर्मन शास्त्रज्ञाचे आडनाव आहे. जुन्या सभासदांना को ४१९ हा ऊस आठवत असेल. त्याच्या जन्मदात्या वाणांपैकी एक म्हणजे जावा बेटावरचा पीओजे २८७८. यातील 'पीओजे' ही अक्षरे डच भाषेतली असून त्यांचा अर्थ पूर्व जावा प्रयोग केंद्र असा आहे. आज जगात सर्वांत जास्त साखर तयार करणारा ब्राझील देश पोर्तुगीज बोलतो. म्हणजे परक्या भाषा आपल्या धंद्यात पूर्वीपासून आहेत. त्या आपल्या मुलामुलींनी शिकाव्यात, हा विचार मात्र आपल्या घरांत अजून फारसा झालेला नाही.

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न येतो, पोराचं पुढं काय? जमिनीच्या वाटण्या होत होत एकरांवरून गुंठ्यांवर आल्या. सगळ्या भावांनी त्याच तुकड्यावर राहायचे म्हटले तर कोणाचेच भागत नाही. अशा वेळी ज्या थोड्या वाटा कमी खर्चात खुल्या आहेत, त्यांपैकी एक म्हणजे विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग. त्याची माहिती सभासदांना व्हावी म्हणून हा लेख.

हा विभाग कुठे आहे?

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली. २०१४ पासून त्याचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे आहे. त्याचा विदेशी भाषा विभाग गणेशखिंडीच्या मुख्य आवारात नाही. तो शहरात, फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पुण्यात कुणालाही 'रानडे' म्हणून विचारले तरी सांगतील. तेथे जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी आणि स्पॅनिश या भाषा शिकवल्या जातात.

दक्षिण महाराष्ट्रातील सभासदांना शिवाजी विद्यापीठ जवळचे. १९६२ साली स्थापन झालेल्या या कोल्हापूरच्या विद्यापीठातही विदेशी भाषा विभाग असून तेथे जर्मन, रशियन, जपानी अशा भाषांची सोय आहे. मुंबई विद्यापीठात कालिना येथे जर्मन, फ्रेंच, रशियन यांचे वेगवेगळे विभाग आहेत.

शिक्षणाच्या पायऱ्या

पहिली पायरी प्रमाणपत्राची, दुसरी पदविकेची आणि तिसरी उच्च पदविकेची. प्रत्येक पायरी साधारण एका वर्षाची. हे वर्ग अर्धवेळ असतात. त्यामुळे मुलगी बी. एस्सी. करीत असो किंवा मुलगा इंजिनिअरिंगला असो, मूळ शिक्षण न सोडता जोडीने भाषा शिकता येते. प्रमाणपत्र वर्गासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते. ती भाषा आधी येत असण्याची गरज नाही. मुळाक्षरांपासूनच सुरुवात होते.

ज्यांना भाषेतच पुढे जायचे आहे, शिक्षक किंवा अनुवादक व्हायचे आहे, त्यांच्यासाठी जर्मन, फ्रेंच, रशियन अशा भाषांत एम. ए. करण्याची सोय पुण्यात आहे. बारावीनंतर थेट भाषेतच पदवी घ्यायची असेल तर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तीही सोय आहे. तेथील पदवी प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या देशपातळीवरील परीक्षेतून होतात.

फी किती, जागा किती, प्रवेश परीक्षा आहे की नाही, या गोष्टी वर्षागणिक बदलतात. त्या त्या वर्षाचे माहितीपत्रक विभागातून किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घ्यावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

'आमच्या पोरांना जमंल का?'

आता कुणी म्हणेल, इंग्रजीचीच मारामार, तिथं जर्मन-जपानी कुठनं येणार? शंका रास्त आहे, पण ती पूर्ण खरी नाही. काही बाबतीत मराठी मुलाला उलट सोपे जाते.

जपानी वाक्य पाहा. 'वाताशि वा मिझु ओ नोमिमासु.' वाताशि म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी, नोमिमासु म्हणजे पितो. मी पाणी पितो! शब्दांचा क्रम आपल्यासारखाच, क्रियापद शेवटी. मधले 'वा' आणि 'ओ' हे आपल्या विभक्तीच्या प्रत्ययांसारखे शब्दामागे लागतात. इंग्रजी बोलणाऱ्याला हा क्रम उलटा वाटतो, आपल्याला सरळ. जर्मन भाषेत मराठीसारखीच तीन लिंगे आहेत. आपण वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' आणि मित्राला 'तू' म्हणतो, तसा भेद जर्मन आणि फ्रेंचमध्येही आहे.

अवघड काय, तेही सांगितले पाहिजे. जपानी बोलायला जितकी सोपी तितकी लिहायला कष्टाची. दोन वर्णमाला आणि वर शेकडो चित्रलिपीची अक्षरे रोज गिरवावी लागतात. जर्मनमध्ये कोणत्या नामाला कोणते लिंग हे पाठच करावे लागते. रोज तासभर बसण्याची तयारी नसेल तर फी वाया जाते.

भाषा म्हणजे आडसाली ऊस

आडसाली लावण जुलै-ऑगस्टात होते आणि ऊस तुटायला सोळा ते अठरा महिने लागतात. भाषेचेही असेच आहे. प्रवेशही त्याच सुमारास, आणि हाती काही लागायला दीड-दोन वर्षे. 'तीन महिन्यांत जर्मन आणि लगेच नोकरी' असे कुणी सांगत असेल तर ते सहा महिन्यांत आडसाली तोडण्यासारखे आहे. रिकव्हरी मिळणार नाही.

याला आकड्यांचा आधार आहे. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. रोजच्या व्यवहारात स्वतःचे स्वतः निभावता येईल अशी पायरी म्हणजे बी-१. तेथवर पोचायला पंचेचाळीस मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात, असे जर्मन भाषेचे वर्ग चालवणारी गटे संस्था सांगते. ही संस्था आपल्याकडे मॅक्सम्युलर भवन या नावाने ओळखली जाते. बी-२ साठी हाच आकडा ६०० ते ८०० तासिका आहे. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला सर्वसाधारणपणे बी-२ लागते. आता हिशेब ज्याने त्याने करावा.

जपानी भाषेच्या परीक्षेला पाच पायऱ्या आहेत. एन-५ सर्वांत खालची, एन-१ सर्वांत वरची. जपानने २०१९ साली परदेशी कुशल कामगारांसाठी नवी व्यवस्था सुरू केली. तीत शेती, रुग्णसेवा, अन्नप्रक्रिया अशी कामे आहेत. त्यासाठी एन-४ किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा आणि त्या त्या कामाची परीक्षा पास व्हावी लागते. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीचे काम येते, पण भाषेवाचून त्याला दार उघडत नाही.

परदेशीच जायला पाहिजे असे नाही

भाषा शिकली म्हणजे विमानातच बसले पाहिजे असे नव्हे. चाकणला जर्मन मोटार कारखाने आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यात सुपे येथे औद्योगिक वसाहतीत जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र क्षेत्र ठेवलेले आहे. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलेल्या मुलाला जोडीला जपानी येत असेल तर अशा ठिकाणी त्याचे वजन वाढते. नुसत्या भाषेपेक्षा 'एक हुन्नर आणि एक भाषा' ही जोडी जास्त चालते. याशिवाय शाळांत विदेशी भाषा शिकवणे, अनुवाद, पर्यटकांचे मार्गदर्शन ही कामे आहेत. घरी बसून अनुवाद करता येतो. लग्नानंतर गाव बदललेल्या मुलीलाही ते काम सोडावे लागत नाही.

जमीन गहाण टाकण्यापूर्वी

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केला. अशा बातम्या आल्या की दलालांनाही हुरूप येतो. करार झाला म्हणजे नोकरी लागली असे नव्हे. परीक्षा ज्याची त्यालाच द्यावी लागते. परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्यान्वये केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागत आली आहे. नोंदणी क्रमांक मागावा, परराष्ट्र मंत्रालयाच्या यादीत ताडून पाहावा, आणि पावतीशिवाय पैसा देऊ नये.

'जर्मनीत शिक्षण फुकट' हेही अर्धेच खरे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही हे बरोबर. पण वर सांगितलेल्या बाडेन-वुर्टेमबर्गमध्येच २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात. शिवाय राहण्याखाण्याची तजवीज म्हणून वर्षाची रक्कम आधी बँकेत अडकवून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ११,९०४ युरो ठरली, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर. एवढे कर्ज काढण्याआधी मुलाने निदान एक वर्ष गावाजवळच्या विद्यापीठात ती भाषा शिकून पाहावी. जमते की नाही ते थोडक्यात कळते. जमले नाही तर एका वर्षाची फी गेली, जमीन राहिली.

वर्षाचे वेळापत्रक

जून-जुलै : बारावीच्या निकालानंतर प्रवेशाच्या सूचनांवर लक्ष ठेवावे. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो तयार ठेवावेत.

जुलै आणि डिसेंबर : पहिल्या रविवारी जपानी भाषेची परीक्षा असते. पुणे हे तिचे एक केंद्र आहे. अर्ज काही महिने आधी भरावा लागतो.

२६ सप्टेंबर : युरोपीय भाषा दिन. ३० सप्टेंबर : आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन.

१४ ते २८ जानेवारी : मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. २१ फेब्रुवारी : आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. २७ फेब्रुवारी : मराठी भाषा गौरव दिन.

२० मार्च : फ्रेंच भाषा दिन. २३ एप्रिल : स्पॅनिश भाषा दिन. ६ जून : रशियन भाषा दिन, कवी पुश्किन यांचा जन्मदिवस.

भाषा विभागांत अशा दिवसांच्या निमित्ताने व्याख्याने, नाटुकली, गाणी, चित्रपट असे कार्यक्रम होत असतात. प्रवेश घेण्याआधी मुलामुलींना एखाद्या कार्यक्रमाला पाठवावे. शिकणाऱ्या मुलांशी दोन शब्द बोलता येतात, भीड चेपते, आणि कोणती भाषा घ्यावी तेही उमजते.

शेवटी एक गोष्ट. परकी भाषा शिकताना आपली मराठी पक्की असली पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ज्याला मराठीत नीट वाक्य लिहिता येते तोच चांगला अनुवादक होतो. तेव्हा यंदा आडसालीच्या लावणीची तयारी करताना, घरातल्या बारावी झालेल्या मुलाला आणि मुलीलाही, भाषा विभागाचे माहितीपत्रक आणायला जरूर सांगावे.